टीव्ही युनिट थंड ठेवायचं, पण पंख्याचा आवाज येऊ द्यायचा नाही

नाशिकमध्ये मे महिन्यात दुपारी चार वाजता वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचा हॉल ३६-३७ अंशांवर सहज जातो. राउटरच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा ‘० ते ४० अंश’ एवढीच मर्यादा लिहिलेली असते आणि प्लेस्टेशन ५ साठी ती ३५ अंशांवरच संपते. म्हणजे उपकरण उघड्या फळीवर असलं तरी हाताशी फारसं काही उरत नाही. तेच उपकरण मायका लावलेल्या प्लायवुडच्या बंद कप्प्यात ठेवलं, की आतली हवा खोलीपेक्षा १० ते १५ अंशांनी आणखी तापते. सेट-टॉप बॉक्स संध्याकाळी अडकायला लागतो, राउटर दिवसातून दोनदा बंद करून चालू करावा लागतो, एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अॅम्प्लिफायर) मध्येच ‘प्रोटेक्ट’ दाखवून गप्प होतो. तक्रार उपकरणाची केली जाते, पण दोष बहुतेक वेळा कप्प्याचा असतो. उपकरणातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या छोट्या भागाचं) आयुष्य तर दर १० अंश वाढीमागे साधारण निम्म्यावर येतं, आणि ते बाहेरून दिसतही नाही.

उपाय पंख्याचा आहे, पण नुसता पंखा लावून काम होत नाही. हवेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट हवी, पंखा मोठा आणि हळू फिरणारा हवा, आणि सगळा हिशेब तापमानाचा नव्हे, फरकाचा करायचा. फरक म्हणजे कप्प्यातलं तापमान वजा खोलीचं तापमान. पंखा हवा थंड करत नाही, तो खोलीतलीच हवा आत फिरवतो. खोली ३७ अंशांवर असताना कप्पा ३२ वर आणण्याची अपेक्षा कोणत्याच पंख्याकडून करता येत नाही. तो ५२ ऐवजी ४४ वर राहील, एवढं मात्र नक्की करता येतं.

नाशिकच्या हवेची एक गोष्ट या कामात आपल्या बाजूने आहे. उन्हाळ्यात हा फरक ७-८ अंशांच्या आत ठेवावा लागतो, म्हणून पंखा जरा जोरात चालवायला लागतो, पण तेव्हा छताचा पंखा किंवा कूलर चालूच असतो आणि युनिटमधला आवाज त्यात विरून जातो. डिसेंबर-जानेवारीत छताचा पंखा बंद असतो, रात्री हॉल अगदी शांत असतो आणि बारीकशी घरघरही कानाला टोचते. पण तेव्हा खोली १८-२० अंशांवर असते, फरक १५ अंशांचा झाला तरी आतलं तापमान ३५ च्या आसपासच राहतं. म्हणजे शांतता जेव्हा सर्वांत जास्त हवी, तेव्हाच पंखा सर्वांत हळू चालवता येतो. पुढची सगळी मांडणी या एका गोष्टीभोवती आहे.

आधी मोजा

वायरच्या टोकाला सेन्सर असलेले फ्रिजसाठीचे दोन छोटे डिजिटल थर्मामीटर घ्या. दोन्ही सेन्सर अर्धा तास शेजारीशेजारी ठेवून त्यांच्यातला फरक लिहून ठेवा, कारण स्वस्त थर्मामीटरमध्ये एखाद्या अंशाची तफावत असतेच. मग एक सेन्सर खोलीत, युनिटपासून मीटरभर लांब, उन्हात किंवा कूलरच्या झोतात येणार नाही असा लटकवा. दुसरा कप्प्याच्या वरच्या भागात, उपकरणाला न टेकता हवेत राहील असा चिकटपट्टीने लावा. शटर बंद करून नेहमीसारखा टीव्ही पाहा. आकडे दोन तासांनंतरचे घ्यायचे. पहिल्या अर्ध्या तासात लाकूड अजून तापत असतं, त्यामुळे तेव्हाचा आकडा कमी येतो.

फरक ५-६ अंशांचा निघाला तर काहीही करू नका. ८ ते १२ च्या मध्ये असेल तर आधी फक्त हवेच्या वाटा मोकळ्या करून पाहा. त्याच्या वर असेल तर पंखा हवाच.

कप्प्यात फक्त सेट-टॉप बॉक्स आणि फायबरचा राउटर असेल, तर उष्णता सगळी मिळून २०-२५ वॅट असते. त्याला पंख्याची गरज नाही. खाली आणि वर प्रत्येकी १०० चौरस सेंटीमीटरची उघडी जागा दिली की गरम हवा आपोआप वर चढून बाहेर जाते. राउटर तर कप्प्याबाहेरच काढावा. तो २४ तास चालतो, त्यामुळे उष्णताही २४ तास देतो, आणि प्लायवुड, काच व टीव्हीच्या धातूच्या पाठीमागे त्याचा सिग्नलही अडतो.

हवा किती लागेल

उष्णतेचा आकडा वॅटमध्ये काढा. प्लगला लावायचं वीजमापक मिळालं तर उत्तम. नाही तर साधारण अंदाज असा: सेट-टॉप बॉक्स १०-१५ वॅट, राउटर ८-१२, एव्ही रिसीव्हर घरात ऐकण्याइतक्या आवाजाला ६०-८०, गेम चालू असताना कन्सोल २०० च्या आसपास. रिसीव्हरच्या मागे छापलेला ३००-४०० वॅटचा आकडा धरू नका. घरातल्या रोजच्या आवाजाला तो तिथवर जात नाही. अॅडॉप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड कप्प्यातच असतील तर त्यांचेही चार-पाच वॅट धरा, किंवा ते सरळ बाहेर काढा.

सूत्र सोपं आहे. वॅटच्या आकड्याला २ ने गुणा आणि हव्या असलेल्या फरकाने भागा. येणारं उत्तर सीएफएममध्ये, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा लागेल ते. पुस्तकी सूत्रात गुणक १.७६ असतो, पण तो समुद्रसपाटीच्या, २० अंशांच्या हवेसाठी आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि उन्हाळ्यातली तापलेली हवा आणखी विरळ असते, म्हणून इथे २ धरणं योग्य.

रिसीव्हर, सेट-टॉप बॉक्स आणि एक छोटी हार्ड डिस्क मिळून ११० वॅट, फरक ७ अंशांचा हवा, तर ११० गुणिले २ भागिले ७, म्हणजे ३१ सीएफएम. आता पंख्याच्या खोक्यावर ५० सीएफएम लिहिलंय म्हणून एक पंखा पुरेल असं समजू नका. तो आकडा पुढे-मागे काहीच अडथळा नसतानाचा असतो. जाळी, भोक, वायरी, उपकरणांची गर्दी यांतून प्रत्यक्षात निम्माच प्रवाह मिळतो असं धरून चाला. मिनिटाला १२०० फेऱ्यांना ५० सीएफएम देणारा पंखा ७०० फेऱ्यांवर मोकळ्या हवेत २९ देतो, कप्प्यात साधारण १५. असे दोन लावले की हिशेब जुळतो.

कन्सोल बंद कप्प्यात असेल तर आकडा एकदम ६० सीएफएमच्या वर जातो आणि शांतता राखणं अवघड होऊन बसतं. कन्सोलची जागा उघड्या फळीवरच. ते शक्यच नसेल तर खेळताना शटर उघडं ठेवायची सवय लावा. पंख्यांची संख्या वाढवण्यापेक्षा हे बरं.

हवेची वाट

या कामात सर्वांत जास्त चुका इथे होतात. पंखा लावला जातो, पण आत येणाऱ्या हवेसाठी वायरचं एक भोक सोडून काहीच नसतं. ५० मिलीमीटरच्या त्या भोकाचं क्षेत्रफळ असतं २० चौरस सेंटीमीटर, आणि त्यातही चार वायरी कोंबलेल्या. १२० मिलीमीटरच्या एका पंख्याचं तोंड १०० चौरस सेंटीमीटरचं असतं. अशा ठिकाणी पंखा नुसता जागच्या जागी हवा घुसळतो, वर शटरच्या फटींतून शिट्टीसारखा आवाज यायला लागतो आणि तापमान दोन अंशही उतरत नाही. मग मोठा पंखा आणला जातो, आणि आवाज तेवढा वाढतो.

नियम असा धरा: आत येण्याची मोकळी जागा पंख्यांच्या एकूण तोंडाइतकी तरी असावी, दीडपट असली तर फारच छान. मोकळी म्हणजे जाळीची तार वजा करून. दोन पंख्यांसाठी २०० चौरस सेंटीमीटर लागतात. ६० टक्के उघडी असलेली जाळी लावणार असाल, तर ६० सेंटीमीटर लांब आणि ६ सेंटीमीटर रुंद खाच कापावी लागेल, म्हणजे ३६० चौरस सेंटीमीटर, त्यातले मोकळे २१६. खाच मोठी दिसते खरी, पण ती योग्य जागी कापली तर कुणाच्या नजरेला पडत नाही.

भिंतीवर टांगलेलं युनिट असेल तर योग्य जागा म्हणजे खालची फळी. तिथे कुणी वाकून बघत नाही. मात्र युनिट जमिनीपासून निदान २० सेंटीमीटर वर हवं, नाही तर रोजच्या झाडण्याची सगळी धूळ तिथूनच आत ओढली जाईल. जमिनीवर बसवलेल्या युनिटला खाच स्कर्टिंगमध्ये घ्यावी लागते. फरशी पुसताना पाणी उडतं, म्हणून ती खाच फरशीपासून ५ सेंटीमीटर वर ठेवा.

बाहेर जाण्याची वाट वर आणि आत येण्याच्या वाटेपासून शक्य तितकी लांब, तिरक्या कोपऱ्यात. खाली डावीकडून आत, वर उजवीकडून बाहेर. दोन्ही वाटा शेजारीशेजारी असल्या तर बाहेर फेकलेली गरम हवा पुन्हा आत येते किंवा ताजी हवा उपकरणांना न शिवताच निघून जाते.

आपल्याकडच्या बऱ्याच फ्लॅटमध्ये सुतार युनिटची पाठ थेट भिंतीला ठोकतो. अशा पाठीला भोक पाडून उपयोग नाही, पलीकडे विटांची भिंत असते. मग दोनच पर्याय राहतात. एक, बाजूच्या फळीत, मागच्या वरच्या कोपऱ्यात पंखा. दुसरा, वरच्या फळीत, मागच्या कडेला. दुसऱ्यात गरम हवा टीव्हीच्या पाठीवर जाते, म्हणून बाजूची फळी बरी. बाजूला पडदा येत असेल तर तो पंख्यापासून १० सेंटीमीटर तरी लांब असू द्या. नवीन युनिट करून घेणार असाल तर सुतारालाच सांगा, पाठ आणि भिंत यांत ५ सेंटीमीटर मोकळी जागा सोड आणि ती वर उघडी ठेव. पुढची निम्मी मेहनत वाचते.

आतल्या फळ्यांचं काय? फळी पुढून मागेपर्यंत सलग असेल तर खालचा कप्पा आणि वरचा कप्पा वेगळे झाले, एकाची हवा दुसऱ्याला मिळत नाही. फळी मागून ५ सेंटीमीटर कापा. ती कापवत नसेल तर ३५ मिलीमीटरच्या होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) भोकं पाडा, पण एका भोकाचं क्षेत्रफळ जेमतेम १० चौरस सेंटीमीटर असतं, त्यामुळे चार-पाच भोकांनी भागत नाही, २० लागतात. रिसीव्हर सर्वांत वर ठेवा, पंख्याच्या जवळ. त्याच्या जाळीदार पाठीवर सेट-टॉप बॉक्स ठेवू नका, वर १० सेंटीमीटर मोकळे सोडा.

वाटा तयार झाल्यावर शटरच्या कडांना आतून फोमची पट्टी लावा. पंखा हवा बाहेर ओढत असताना प्रत्येक फटीतून धूळ आत येते. फटी बंद केल्या की हवा फक्त खालच्या खाचेतून, जाळीतून गाळूनच येईल.

पंखा कोणता

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे नाशिकच्या इलेक्ट्रिकल दुकानांत कंट्रोल पॅनलचा चार इंची पंखा सहज मिळतो. धातूच्या चौकटीचा, थेट २३० व्होल्टवर चालणारा. ‘कूलिंग फॅन’ मागितला की तोच समोर येतो. तो घेऊ नका. तो मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेऱ्या मारतो, पॅनलमध्ये तेच हवं असतं, पण हॉलमध्ये बसून नाटक पाहताना तो आवाज सहन होत नाही. रेग्युलेटर लावून हळू केला की मोटर गुणगुणायला लागते. शिवाय लाकडी कप्प्यात २३० व्होल्टच्या उघड्या टोकांची जोखीम कशाला?

हवा तो कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, १२० किंवा १४० मिलीमीटरचा. महात्मा गांधी रोडवर कॉम्प्युटरचे सुटे भाग मिळतात तिथे चौकशी करा किंवा ऑनलाइन मागवा. आर्क्टिक पी १२, नॉक्टुआ एनएफ-पी १२ रिडक्स यांसारखे पंखे या कामाला चांगले, कारण ते जाळीतून हवा ओढण्यासाठी बनवलेले आहेत. दिव्यांचे रंगीबेरंगी पंखे टाळा, बंद शटरमागे त्यांचा उपयोग नाही.

मोठा आणि हळू पंखाच का, याचं गणित डोक्यात ठेवण्यासारखं आहे. फेऱ्या निम्म्या केल्या की हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. मग तसाच दुसरा पंखा जोडला की हवा पुन्हा पूर्वीइतकी होते आणि आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे एक पंखा पूर्ण वेगाने चालवण्याऐवजी दोन निम्म्या वेगाने चालवले, तर तेवढीच हवा सुमारे १२ डेसिबल कमी आवाजात मिळते. यापेक्षा स्वस्त शांतता दुसरी नाही.

बेअरिंगकडे लक्ष द्या. साधा बुशचा पंखा आडवा, म्हणजे तोंड वर किंवा खाली करून बसवला, तर त्याचं तेल लवकर निघून जातं, आणि आपल्याकडच्या उष्णतेत तर आणखी लवकर. वर्षभरात तो खरखरायला लागतो. फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग किंवा बॉल बेअरिंगचा घ्या, खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. बॉल बेअरिंग टिकाऊ, पण त्याचा बारीक टिकटिक आवाज शांत खोलीत ऐकू येतो. घरासाठी पहिली पसंती फ्लुइडला.

भोक आणि बसवणी

१२० मिलीमीटरच्या पंख्याला ११४ ते ११६ मिलीमीटरचं गोल भोक लागतं, साडेचार इंची होल सॉ बरोबर ११४ चा असतो. स्क्रूची चार भोकं १०५ मिलीमीटरच्या चौरसात येतात. १४० च्या पंख्यासाठी हा चौरस १२४.५ मिलीमीटरचा, आणि मोठं भोक जिगसॉने कापावं लागतं.

सगळी उपकरणं बाहेर काढा. भुसा रिसीव्हरमध्ये गेला तर तो काढता येत नाही. मायकाच्या बाजूला मास्किंग टेप लावून त्यावर मध्यबिंदू आखा आणि आधी बारीक भोक आरपार पाडा. होल सॉ मायकाच्या बाजूने, कमी वेगाने, न दाबता चालवा. आतल्या बाजूने कापलं तर बाहेर पडताना कड उडते आणि ती परत जोडता येत नाही. निम्म्या जाडीपर्यंत बाहेरून कापून उरलेलं आतून कापलं तर दोन्ही बाजू स्वच्छ राहतात. कापलेल्या कडेला पॉलिश पेपर मारून आतली धार थोडी गोल करा. तीक्ष्ण कडेवरून जाताना हवा सुसकारे टाकते. उघड्या प्लायवर फेविकॉलचा पातळ हात द्या, पावसाळ्यात तिथूनच प्लाय फुगतो.

पंखा आतल्या बाजूला बसवा, हवा भोकातून बाहेर जाईल असा. चौकटीवर बाण असतो. नसेल तर ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. शंका वाटली तर उदबत्ती धरून बघा.

प्लायवुडची मोठी फळी म्हणजे तबल्याची पुडी. पंख्याची थरथर तिला थेट मिळाली की सगळं युनिट घुमतं. म्हणून पंखा आणि फळी यांच्यामध्ये मऊ काहीतरी हवंच. पंख्यासाठीच्या रबराच्या पिना मिळाल्या तर त्या वापरा. त्या पातळ पत्र्यासाठी असतात, त्यामुळे १८ मिलीमीटरच्या फळीला आतून खाच घ्यावी लागते. सोपा उपाय म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे. चौकटीखाली चारही कोपऱ्यांत दुहेरी तुकडा, स्क्रूच्या डोक्याखाली आणखी एक. स्क्रू बसला की थांबा, आवळू नका. आवळलेलं रबर कडक होतं आणि थरथर पुढे जातेच.

बाहेरून गोल तारेची जाळी लावा. भोकं पाडलेला पत्रा दिसायला छान, पण पात्यांच्या अगदी जवळ आला की तो भुणभुणतो. पातं आणि जाळी यांत १५-२० मिलीमीटर अंतर असलं की हा आवाज बराच जातो. १८ मिलीमीटरची फळी हे अंतर आपोआप देते, म्हणून जाळी बाहेर आणि पंखा आत.

खालच्या खाचेला ३ मिलीमीटरच्या आसपास भोकं असलेली अॅल्युमिनियमची जाळी बसवा. ती पाली आणि मोठी झुरळं अडवते. उबदार कप्पा दोघांनाही फार आवडतो. मच्छरदाणीची बारीक जाळी लावायचा मोह होतो, पण ती महिन्याभरात धुळीने भरते आणि हवा निम्म्यावर येते. धूळ गाळायचीच असेल तर अॅल्युमिनियमच्या जाळीवर कूलरसारखा पातळ, धुता येणारा नायलॉन फिल्टर चुंबकी पट्टीने लावा आणि खाच दीडपट मोठी घ्या.

वायरिंग आणि वेग

पंख्यांना वीज देण्यासाठी १२ व्होल्ट, १ अँपिअरचा बीआयएस नोंदणीचा अॅडॉप्टर पुरतो. दोन पंखे मिळून फार तर अर्धा अँपिअर घेतात. राउटर किंवा सेट-टॉप बॉक्स इन्व्हर्टरवर असेल तर हा अॅडॉप्टरही त्याच बोर्डवर लावा. नाही तर वीज गेल्यावर उपकरण चालू आणि पंखा बंद, असं होतं.

टीव्हीच्या यूएसबीवर पंखा जोडायची युक्ती सांगितली जाते. टीव्हीबरोबर पंखा चालू-बंद होतो हे खरं. पण टीव्ही बंद केल्यावर रिसीव्हर तापलेलाच असतो, आणि १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर सुरू होईलच असं नाही. यूएसबीच हवी असेल तर मुळात ५ व्होल्टसाठी बनवलेला पंखा घ्या.

वेग कमी करायला बाजारात गोल बटणाचा ‘पीडब्ल्यूएम स्पीड कंट्रोलर’ मिळतो, एलईडी पट्ट्या आणि डीसी मोटरसाठीचा. तो पंख्याची मुख्य वीजच वेगाने तोडतो-जोडतो. त्यावर पंखा बारीक, चिरका आवाज करतो आणि सगळी मेहनत वाया जाते. त्याऐवजी एलएम २५९६ चं स्टेप-डाउन मॉड्यूल घ्या. आत १२ व्होल्ट, बाहेर हवे तेवढे, अगदी स्थिर. निळ्या खोक्यावरचा पितळी स्क्रू फिरवून मल्टीमीटरवर आकडा पाहत व्होल्टेज लावायचं. पंखा जोडण्याआधीच लावा. तो स्क्रू बरेच वेढे फिरतो, सुरुवातीला काही होत नाही असं वाटलं तरी फिरवत राहा.

आता ऋतूंची सोय. अशी दोन मॉड्यूलं घ्या. दोन्हींना अॅडॉप्टरमधून १२ व्होल्ट द्या. एकावर ९ व्होल्ट लावा, ते उन्हाळ्याचं. दुसऱ्यावर ६.५ व्होल्ट, ते हिवाळ्याचं. एक छोटा टू-वे टॉगल स्विच घ्या. मधल्या टोकाला पंख्यांची लाल वायर (चार वायरींच्या पंख्यात ती पिवळी असते), एका बाजूला ९ व्होल्टचं टोक, दुसऱ्या बाजूला ६.५ चं. काळ्या वायरी सगळ्या एकत्र. चार वायरींच्या पंख्यातल्या हिरव्या आणि निळ्या वायरी मोकळ्या सोडून टोकांना चिकटपट्टी लावा. होळीनंतर स्विच एकीकडे, दिवाळीनंतर दुसरीकडे. पावसाळ्यात हवा बेताची असते तेव्हा आपला फरक मोजून ठरवा.

६.५ हा आकडा डोळे मिटून घेऊ नका. पंखा बंद करून तो किती व्होल्टला स्वतःहून सुटतो ते पाहा आणि त्यावर निदान १ व्होल्ट जास्त ठेवा. जानेवारीतल्या पहाटेच्या थंडीत बेअरिंगचं तेल घट्ट होतं. दुपारी ५ व्होल्टला सुटणारा पंखा पहाटे वीज जाऊन आल्यावर अडकून राहू शकतो.

आपोआप वेग बदलणारा, तापमान-सेन्सरचा चार पिनांचा कंट्रोलर मिळाला तर तोही चांगला. पंख्याला अखंड १२ व्होल्ट देऊन तो निळ्या वायरीतून फक्त वेगाचा संकेत देतो, त्यामुळे चिरका आवाज येत नाही. त्याच्याबरोबरचे पंखे मात्र चार वायरींचेच हवेत. डब्ल्यू १२०९ हे तापमान पाहून पंखा चालू-बंद करणारं रिलेचं मॉड्यूल मात्र हॉलसाठी आवडत नाही. पंखा अखंड चालू असला की कान त्याला विसरतो, पण दर दहा मिनिटांनी सुरू-बंद झाला की लक्ष तिकडेच जातं, आणि रिलेचा ‘टक्’ लाकडी कप्प्यात घुमतो. ते घरात आहेच आणि वापरायचंच असेल तर मोड ‘सी’, तापमान ३८, हिस्टेरेसिस (चालू आणि बंद होण्याच्या तापमानांतला फरक) ४ अंश ठेवा आणि मॉड्यूल स्पंजवर बसवा. ३२ वर ठेवलं तर उन्हाळाभर पंखा थांबणारच नाही.

आवाज कुठून येतोय

परीक्षा रात्री अकरानंतर घ्या, छताचा पंखा बंद करून, नेहमीच्या बसायच्या जागेवरून. मोबाइलमधली डेसिबल मोजणारी अॅप्स इतक्या हळू आवाजाला उपयोगी पडत नाहीत, कान जास्त भरवशाचे.

आवाज ‘वूं… वूं…’ असा चढत-उतरत येत असेल तर दोन पंख्यांच्या फेऱ्यांत किंचित फरक आहे. एका कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन पंखे घ्या, किंवा एकाचा वेग मुद्दाम बराच वेगळा ठेवा. सलग घुमणारा जाड आवाज आला तर फळीवर तळहात दाबून धरा. दाबल्यावर कमी झाला तर थरथर फळीत जातेय, रबर पुन्हा बघा. सुसकारा असेल तर हवा कुठल्या तरी अरुंद फटीतून ओढली जातेय. उदबत्तीचा धूर शटरच्या कडांवरून फिरवा, जिथे तो आत खेचला जाईल तिथे फोम लावा. हीच उदबत्ती खालच्या खाचेपाशी धरली तर धूर जोमाने आत जायला हवा. तिथे तो आळसावला असेल, तर खाच लहान पडतेय. पात्याला घासणारी वायर बारीक टकटक करते, झिप टायने बांधून टाका. आणि पंखा काढून हातात धरल्यावरही खरखर येत असेल तर दोष त्याच्याच बेअरिंगचा आहे, त्याला बदलण्यावाचून इलाज नाही.

सगळं मनासारखं झालं की दोन तासांची तापमानाची परीक्षा पुन्हा घ्या. फरक ठरवल्यापेक्षा कमी आला असेल तर व्होल्टेज आणखी उतरवा. गरजेपेक्षा जास्त वारा घेण्यात काहीच फायदा नाही, धूळ तेवढी जास्त येते.

धूळ आणि पंख्यावर नजर

फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत खालची जाळी महिन्यातून एकदा काढून धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. एरवी दिवाळीच्या साफसफाईत एकदा पुरते. स्वयंपाकघर हॉलला उघडं असेल तर फोडणीच्या वाफेने ही धूळ चिकट होते, तेव्हा भांड्याच्या साबणाचं कोमट पाणी वापरा. देवघर युनिटला लागून असेल तर खाच त्याच्या विरुद्ध टोकाला घ्या, धूप आणि उदबत्तीची काजळी पात्यांवर बसते. कूलरचा झोत थेट खाचेवर येऊ देऊ नका, ओली हवा आणि धूळ मिळून आत लेप बसतो. ब्लोअरने पंखा साफ करताना पातं बोटाने धरून ठेवा. वाऱ्याच्या जोराने तो हद्दीबाहेर फिरला तर बेअरिंग जातं.

शांत पंख्याची एकच अडचण असते. तो बंद पडला तरी कळत नाही. बाहेरच्या जाळीला पतंगाच्या कागदाची बोटभर लांब पट्टी दोऱ्याने बांधून ठेवा, बाजूने सहज दिसेल अशी. पंखा चालू असेपर्यंत ती हलत राहते. ती खाली लोंबताना दिसली, की शटर उघडायचं आणि आधी रिसीव्हर बंद करायचा.